परवलीचा शब्द आणि संकेतस्थळाचा दरवाजा



‘परवलीचा शब्द’ हा आपल्या भाषेत संगणकाच्या फार पूर्वीपासून आहे. रात्रीच्या वेळी छावणीच्या नाक्याशी अथवा गडाच्या दरवाजाशी कोणी आला, की पहारेकरी त्याला हटकीत असे आणि ठरलेला शब्द ज्याला सांगता येई त्याला आत सोडीत असे. त्याच्याही आधी कौटिल्याने आपल्या अर्थशास्त्रात मुद्राध्यक्ष नावाचा एक अधिकारी सांगितला आहे. त्याच्याकडून शिक्क्याचा परवाना घेतल्यावाचून कोणाला जनपदात शिरता येऊ नये वा बाहेर जाता येऊ नये, अशी ती व्यवस्था. या दोन पद्धतींत एक भेद आहे. मुद्रा ही हातात धरण्याची वस्तू, तर परवलीचा शब्द ही डोक्यात ठेवण्याची गोष्ट. वस्तू चोरीस गेली तर जागा रिकामी दिसते आणि चोरी कळते. शब्द चोरीस गेला तरी तो मालकाजवळ होता तसाच राहतो; म्हणून चोरी झाली हे त्याला महिनोन्‌महिने कळत नाही. आजच्या आपल्या विषयातली निम्मी अडचण या एका भेदातून निघालेली आहे.

विषय असा, की संकेतस्थळावर, म्हणजे ज्याला आपण सर्वजण वेबसाईट म्हणतो तिच्यावर, नको असलेल्या पाहुण्याने येऊ नये यासाठी परवलीचा शब्द कसा लावतात, आणि तो लावूनही पाहुणा आत कसा येतो. हा विषय मी का घ्यावा असे कोणी विचारील. मी काही यंत्रविद्येचा पदवीधर नव्हे. परंतु कामगार संघटनेच्या कामात माणसांची नावे, पत्ते, वर्गण्या आणि तक्रारी सांभाळणे हाच माझा तीस वर्षांचा व्यवसाय. पूर्वी हे सारे लोखंडी कपाटात असे. आता ते यंत्रात गेले आहे, आणि कपाटाची किल्ली कोणाकडे आहे हा प्रश्न तेथेही तसाच उभा आहे. तेव्हा जे समजून घेतले ते सांगतो.

प्रथम हे ध्यानात घेतले पाहिजे, की हे जाळे मुळात उघडे ठेवण्यासाठीच निर्माण झाले. टिम बर्नर्स-ली याने १९८९ साली जिनिव्हाजवळच्या सर्न या संशोधनसंस्थेत त्याची योजना मांडली, ती शास्त्रज्ञांना एकमेकांचे कागद सहज वाचता यावेत म्हणून. म्हणजे तो गावच्या चावडीवरचा फळा आहे. फळ्यावर लिहिले की येणाराजाणारा वाचणारच. त्याला आपण कोण म्हणून विचारण्याची सोय फळ्याला नसते. ती सोय नंतर वेगळी बसवावी लागली. आपण मात्र व्यवहारात उलट समजतो. आपल्याला वाटते, की मी पान तयार केले, पत्ता कोणाला सांगितला नाही, तेव्हा ते माझे खाजगीच आहे. ते तसे नसते. कुलूप लावीपर्यंत ते फळ्यावरच असते.

म्हणून कुलपाच्या आधीचा प्रश्न असा, की फळ्यावर काय राहावे आणि कपाटात काय जावे. या प्रश्नाकडे बहुतेक मंडळी वळतच नाहीत, आणि मला तर तोच सर्वांत महत्त्वाचा वाटतो. सरकारचे उदाहरण घ्या. महाभूलेखावर कोणाच्याही शेताचा बिनसहीचा सातबारा कोणालाही पाहता येतो. कित्येकांना हे खटकते. पण जमीन घेणाऱ्याची फसवणूक होऊ नये यासाठी ती नोंद उघडी असणेच युक्त आहे. माहितीच्या अधिकाराच्या २००५ च्या कायद्यातील चौथे कलम तर सार्वजनिक कार्यालयांना कितीतरी गोष्टी कोणी मागण्यापूर्वीच प्रसिद्ध करावयास सांगते. ज्या संस्थेने हिशेब कुलपात आणि सत्काराचे फोटो फळ्यावर ठेवले, तिने परवलीचा शब्द कितीही पक्का लावला तरी कुलूप चुकीच्या दाराला लागले असेच मी म्हणेन.

याच्या उलट बाजूस सभासदांची यादी. रावबहादूर नारायण मेघाजी लोखंडे यांनी मुंबईच्या गिरणी कामगारांची संघटना उभारली, तेव्हा तिच्याविषयी सरकारी अहवालात असा शेरा होता, की तिच्यापाशी सभासदांची यादी नाही, निधी नाही आणि नियम नाहीत. पुढच्या पिढ्यांनी या तिन्ही गोष्टी मिळविल्या. १९२६ चा ट्रेड युनियन कायदा झाला. त्याच्या विसाव्या कलमात संघटनेची हिशेबाची पुस्तके आणि सभासदांची यादी ही पदाधिकाऱ्यांना व सभासदांना तपासण्यासाठी खुली असावी असे लिहिले होते. तो कायदा आता २०२० च्या औद्योगिक संबंध संहितेत सामावला गेला आहे; पण त्या कलमाची मांडणी पाहा. यादी खुली, पण सभासदांना. मालकाला नव्हे, कंत्राटदाराला नव्हे, येणाऱ्याजाणाऱ्याला नव्हे. परवलीचा शब्द नेमके हेच काम करतो: काहींना उघडे आणि इतरांना बंद. संगणक जन्मास येण्यापूर्वीच त्या कायद्याने संकेतस्थळाच्या दरवाजाचा नियम सांगून ठेवला होता.

आता हा दरवाजा चालतो कसा ते पाहू. आपण आपल्या फोनवर वा संगणकावर एखाद्या पानाचा पत्ता घातला, की आपले यंत्र दूरच्या दुसऱ्या यंत्राकडे मागणी पाठविते. त्या दूरच्या यंत्राला सर्व्हर म्हणतात. आपण त्याला कोठीवाला म्हणू. पान उघडे असेल तर कोठीवाला मुकाट्याने ते देतो. बंद असेल तर तो पान देत नाही, ४०१ असा आकडा देतो. त्याचा अर्थ, आपण कोण ते आधी सांगा. मग आपल्या पडद्यावर लहान चौकट येते, तीत आपण नाव आणि परवलीचा शब्द लिहितो, कोठीवाला आपल्या वहीशी ताडून पाहतो आणि जुळले तर पान पाठवितो. ओळख पटली तरी तुम्हाला येथे परवानगी नाही, असे सांगावयाचे असेल तेव्हा ४०३ हा आकडा येतो. आणि तुम्हा-आम्हाला सदैव भेटणारा ४०४ म्हणजे असे पान येथे नाहीच. दोन पानांचे साधे संकेतस्थळ असले तरी कोठीवाल्याच्या आज्ञांच्या फाईलीत चार ओळी लिहून हे कुलूप बसविता येते. त्यास मोठा खर्च येत नाही.

परंतु या साध्या कुलपात एक मोठी उणीव आहे. आपण लिहिलेला शब्द तेथवर जातो तो जवळजवळ पोस्टकार्डावर लिहिल्यासारखा. अक्षरांची थोडी उलटापालट केलेली असते, पण ती लपविण्यासाठी नव्हे, वाहून नेण्याच्या सोयीसाठी; वाटेतल्या कोणाही जाणकाराला ती क्षणात वाचता येते. म्हणून पोस्टकार्ड बंद पाकिटात घालावे लागते. पत्त्याच्या आरंभी एचटीटीपीएस अशी अक्षरे असली, शेवटच्या ‘एस’सकट, की पाकीट बंद आहे असे समजावे. येथे एक गैरसमज फार पसरला आहे. पाकीट बंद आहे याचा अर्थ ते ज्याच्याकडे चालले तो मनुष्य प्रामाणिक आहे, असा नव्हे. ठगसुद्धा बंद पाकिटातून पत्रव्यवहार करतो.

एकदा ओळख पटली, की प्रत्येक पानाला पुन्हा शब्द विचारीत बसणे कटकटीचे, म्हणून बहुतेक संकेतस्थळे आपल्या यंत्राला एक तात्पुरती खूण देतात. गिरणीच्या दारावर बिल्ला मिळे आणि तो दिवसभर चाले, तशीच ही गोष्ट. पण दुकानातल्या संगणकावर काम करून तुम्ही तसेच उठलात तर बिल्ला टेबलावर राहतो, आणि तुमच्यामागे बसणारा तो लावून आत जातो. बाहेर पडताना ‘लॉग आऊट’ करावयाचे ते या बिल्ल्यासाठी.

खऱ्या कुलपाइतकीच खोट्या कुलपांचीही ओळख हवी. त्यांतले एक म्हणजे शोधयंत्रांसाठी लावलेली पाटी. १९९४ साली मार्टिन कोस्टर याने एक रीत सुचविली, की संकेतस्थळावर रोबोट्स डॉट टीएक्सटी नावाची चिठ्ठी ठेवावी आणि तीत ‘या खोल्यांत येऊ नये’ असे लिहावे. गुगलसारखी सभ्य शोधयंत्रे ती पाळतात. पण ही विनंतीची पाटी आहे, कडी नव्हे. शिवाय ती कोणालाही वाचता येते. ज्या खोलीत काही लपविलेले आहे तिचे नाव आपण दारावरच लिहून ठेवले, असा याचा परिणाम होतो.

दुसरे खोटे कुलूप याहून घातक आहे, कारण ते खऱ्यासारखे दिसते. पुढच्या पानाला परवलीचा शब्द विचारतात, परंतु आतल्या फाईलीला तिचा स्वतंत्र पत्ता असतो आणि तो थेट घातला तर ती बिनदिक्कत उघडते. वाड्याला दिंडीदरवाजा भक्कम, आणि परसदार सताड उघडे. एका संघटनेच्या बाबतीत हे मी जवळून पाहिले; नावे सांगण्याचे प्रयोजन नाही. पहिल्या पानाला कुलूप होते, सभासदांचा तक्ता मात्र मागे तसाच उघडा होता. कंत्राटदाराच्या एका कारकुनाने सहज म्हणून गुगलवर एका कामगाराचे नाव घातले, आणि तक्ताच्या तक्ता त्याच्यापुढे आला. संघटना तेव्हा नुकतीच बांधली जात होती. पुढच्या महिन्यात अकरा जणांना काम संपले म्हणून सांगण्यात आले. तोंडाने कोणी काही बोलले नाही, आणि जे बोलले गेले नाही ते न्यायालयात सिद्ध करणे किती अवघड असते हे या क्षेत्रातल्यांना ठाऊक आहे. त्या अकरांत पाच बाया होत्या.

रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात गडाच्या बांधणीविषयी फार शहाणपणाचा मजकूर आहे. गडाला एकच दरवाजा असणे हा दोष, म्हणून दोन-तीन दरवाजे आणि चोरदिंड्या असाव्यात. पण नित्याच्या राबत्याला लागतील तेवढ्याच ठेवून बाकीच्या चिणून टाकाव्यात, असे ते सांगतात. मला या शेवटच्या वाक्याचे मोल वाटते. उमरग्याहून सोलापूरकडे जाताना वाटेत नळदुर्गचा किल्ला आपण सर्वांनी पाहिलेला आहे. तेथला पाणीमहाल आपण पाहुण्यांना कौतुकाने दाखवितो, पण भिंतींतली बुजविलेली दारे कोणी शोधीत नाही. संकेतस्थळाच्या बाबतीत तीच आधी शोधावयाची असतात. जुना कार्यक्रम संपला, त्याचे पान राहिले. जुना सचिव गेला, त्याचे नाव वहीत राहिले. तयार करणाऱ्या मुलाने चाचणीसाठी एक खाते उघडले होते, तेही राहिले. ही सगळी न चिणलेली दिंडीदारे.

आता कोठीवाल्याच्या वहीकडे येऊ, कारण सगळ्यांचे शब्द तीत असतात. संगणकावर परवलीचा शब्द प्रथम आणला तो अमेरिकेत एमआयटी या संस्थेत. तेथे फर्नांडो कोर्बातो आणि त्याच्या सहकाऱ्यांनी १९६१ साली एक यंत्र अनेकांनी वाटून वापरावयाची योजना चालू केली. प्रत्येकाचे कागद वेगळे राहावेत म्हणून प्रत्येकाला आपला शब्द दिला. दुसऱ्याच वर्षी ॲलन शेर नावाच्या तेथल्याच एका संशोधकाने ती वहीच छापून घेतली. त्याचा हेतू काय होता? त्याला आठवड्याला ठरीव तासच यंत्र मिळे, ते पुरेना. म्हणून तो दुसऱ्यांच्या नावाने बसू लागला. वेळ चोरण्यासाठी शब्द चोरला! पाळीवर राबलेल्या माणसाला त्याच्याविषयी थोडी सहानुभूती वाटल्यावाचून राहत नाही. पण परवलीचा शब्द जन्मला आणि वर्षभरात त्याची पहिली चोरी घरातल्याच माणसाने केली, ही गोष्ट विसरण्यासारखी नाही.

यावर उपाय निघाला तो गिरणीच्या दृष्टांताने सांगतो. ज्वारी दळली की पीठ होते, पिठाची पुन्हा ज्वारी होत नाही. तसेच गणिताचे एक जाते आहे. त्यातून शब्द दळून निघाला की त्याचे ठरावीक पीठ पडते, त्याला हॅश म्हणतात. वहीत शब्द लिहावयाचाच नाही, पीठ ठेवावयाचे. तुम्ही शब्द सांगितलात की कोठीवाला तो तेथल्या तेथे दळतो आणि पिठाला पीठ ताडून पाहतो. वही चोरीस गेली तरी चोराच्या हाती पीठच लागते. तथापि दोघांनी एकच शब्द ठेवला असेल तर पीठ सारखे पडेल आणि एकाचा उघडा पडला की दुसऱ्याचाही पडेल. यासाठी रॉबर्ट मॉरिस आणि केन थॉम्प्सन यांनी १९७९ साली असे लिहून ठेवले, की प्रत्येकाच्या दळणात वेगवेगळी चिमूट टाकावी. त्या चिमटीला या शास्त्रातही मीठच म्हणतात. तुमचे संकेतस्थळ तयार करणाऱ्याला एवढे अवश्य विचारा: शब्द वहीत आहे तसा ठेवता की दळून, आणि मीठ घालता की नाही? ‘विसरलात? तुमचा शब्द तुम्हाला पाठवितो,’ असे जे संकेतस्थळ म्हणते, त्याने तो दळलेला नाही हे उघड आहे.

वही नेलेला चोर काय करतो? तो घरी बसून शब्दामागून शब्द दळून पाहतो. येथे थोडा हिशेब करू. चार आकड्यांचे दहा हजार प्रकार होतात. सहा लहान इंग्रजी अक्षरांचे सुमारे ३० कोटी ८९ लाख. आकडा मोठा वाटतो. पण साधे जाते आणि सेकंदाला शंभर कोटी दळणे काढणारे यंत्र धरले, आणि आज ते दुर्मिळ राहिलेले नाही, तर सेकंदाचा तिसरा हिस्सा पुरतो. आता दुसरा प्रकार घ्या. आठ हजार साध्या शब्दांची यादी करा आणि तीतून चिठ्ठ्या टाकून पाच शब्द उचला: चाबूक, ढेकूळ, टपाल, जांभई, मांडव. याच यंत्राला सगळे प्रकार संपवावयास हजार वर्षे लागतील. चारच शब्द घेतले तर मात्र ४७ दिवस. पाचव्या शब्दाची किंमत एवढी आहे. चिठ्ठ्या टाकणे महत्त्वाचे, कारण मनाने निवडावयास गेलो की आपण देवाचे नाव घालतो आणि पुढे १२३ लिहितो. हे चोरालाही ठाऊक असते. (वरचे पाच शब्द आता छापले गेले, ते कोणी घेऊ नयेत.) दर महिन्याला शब्द बदला, एक मोठे अक्षर आणि एक चिन्ह घाला, हा जुना उपदेश अमेरिकेच्या मानकसंस्थेनेही २०१७ साली सोडून दिला; माणसे कंटाळून मागचाच शब्द एका आकड्याने वाढवितात असे आढळले. लांबी ठेवावी, आणि उघडा पडल्याचा संशय आला तर मात्र त्याच दिवशी बदलावा.

इतके केल्यावरही एक वाट राहते, ती म्हणजे शब्द गोडीने विचारून घेणे. २००५ साली पुण्यात उघडकीस आलेले प्रकरण पुष्कळांना आठवत असेल. सिटीबँकेच्या अमेरिकेतील ग्राहकांची कामे पुण्यातील एमफसिसच्या केंद्रातून दूरध्वनीवर होत. तेथल्या काही नोकरांनी ग्राहकांशी बोलता बोलता त्यांचा विश्वास संपादन केला, त्यांचे गुप्त आकडे काढून घेतले आणि साडेतीन लाख डॉलर, म्हणजे तेव्हाचे सुमारे दीड कोटी रुपये, पुण्यात बनावट नावांनी उघडलेल्या खात्यांत वळविले. कुलूप कोणी फोडले नाही. किल्ली मागितली आणि ती मिळाली. तेरा वर्षांनी, ऑगस्ट २०१८ मध्ये, पुण्याच्याच कॉसमॉस बँकेतून ९४ कोटी रुपये गेले, तो प्रकार आणखी निराळा: चोरांनी खऱ्या द्वारपालाच्या जागी आपला खोटा द्वारपाल उभा केला, आणि अठ्ठावीस देशांतून आलेल्या मागण्यांना तो बेधडक ‘बरोबर आहे’ म्हणत राहिला. अशा वेळी ग्राहकाचा शब्द कितीही चांगला असला तरी काय उपयोग? ती जबाबदारी बँकेची. ग्राहकाला बोल लावून चालणार नाही.

आपल्या तालुक्यात मला जे रोज दिसते ते या दोन्हींहून साधे आहे. कामगाराच्या भविष्यनिर्वाह निधीचे खाते आता संगणकावर असते. बारा आकडी क्रमांक असतो, त्याला परवलीचा शब्द लागतो. कामगार दुकानात जातो, दुकानदार खाते उघडून देतो, शब्द तोच ठरवितो आणि आपल्या वहीत तोच लिहून ठेवतो. पुष्कळदा फोनही त्याचाच जोडलेला असतो, म्हणजे खातरजमेसाठी येणारे तात्पुरते आकडेही त्याच्याकडे जातात. बहुतेक दुकानदार भले असतात. कामगाराला त्यांच्यावाचून गत्यंतरही नाही. पण वीस वर्षांच्या घामाच्या पैशाची किल्ली अशा रीतीने वीस रुपयांच्या कामाबरोबर दुसऱ्याच्या गल्ल्यात राहते, आणि नोकरी सुटल्यावर पैसे काढावयाचे तेव्हा दुकान बंद झालेले असते वा वही हरवलेली असते. फोन आपला जोडावा आणि शब्द आपण बदलून घ्यावा, यास पाच मिनिटे लागतात. संघटनेच्या कचेरीत आम्ही आठवड्याचा एक वार केवळ यासाठी राखतो. लिहिता-वाचता न येणाऱ्या बाईलाही पाच शब्द पाठ करता येतात. जात्यावरच्या ओव्या ज्यांना शेकड्यांनी येत, त्यांच्या नातींना पाच शब्द जड नाहीत.

कायदाही आहे. २००० च्या माहिती तंत्रज्ञान कायद्याने परवानगीवाचून दुसऱ्याच्या संगणकात शिरणे दंडनीय केले, आणि २००८ च्या दुरुस्तीने आलेल्या ६६ क कलमाने दुसऱ्याचा परवलीचा शब्द लबाडीने वापरणाऱ्यास तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक लाखापर्यंत दंड सांगितला. कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविषयीचा २०१३ चा कायदा तक्रारदार स्त्रीचे नाव-पत्ता प्रसिद्ध करण्यास मनाई करतो. ज्या संस्था अशा तक्रारी फाईलीत साठवितात त्यांनी परसदाराची गोष्ट येथे पुन्हा आठवावी. कायदा चोर सापडल्यानंतर उपयोगी पडतो. त्या अकरा जणांच्या बाबतीत तो कोणाविरुद्ध लावावयाचा? पान उघडेच होते. कारकुनाने कोणतेही कुलूप तोडले नव्हते.

शेवटचा मुद्दा संस्थांसाठी, आणि तो वाचनालयांना, पतसंस्थांना, मंडळांना सारखाच लागू आहे. बहुतेक ठिकाणी संकेतस्थळाचा एकच शब्द असतो आणि तो सात जणांना ठाऊक असतो. काही बिघडले की सातांपैकी कोणी केले हे कधीच कळत नाही, आणि एकजण भांडून गेला तर उरलेल्या सहांना शब्द बदलण्याची आठवण राहत नाही. प्रत्येकाला वेगळे नाव आणि वेगळा शब्द द्यावा. ज्याचे काम केवळ वर्गणी नोंदविण्याचे, त्याला तक्रारींचे पान दिसू नये. निवडणूक झाली की दप्तराबरोबर खात्यांचीही देवघेव व्हावी, आणि जुनी खाती त्याच बैठकीत बंद करून तशी नोंद इतिवृत्तात घ्यावी. आणि सर्वाधिकाराचा जो एक शब्द असतो, तो केवळ एकाच्या डोक्यात असू नये. मनुष्य आजारी पडतो, मरतो. आमच्याकडे तो कागदावर लिहून पाकिटात घातला आहे, पाकिटाच्या जोडावर अध्यक्ष आणि खजिनदार अशा दोघांच्या सह्या आहेत, आणि ते वर्गणीच्या पेटीत तळाशी ठेवलेले असते. दर तिमाहीला पेटी मोजताना पाकीटही काढून सह्या मोडलेल्या नाहीत ना हे पाहतात.